घरची सुतारशाळा वाढवायची आहे: आधी यंत्रं, आधी जागा की आधी आणखी काही?

मेस्त_फोंडा

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात घराला लागून आमची सुतारशाळा आहे. वडील, आम्ही दोघे भाऊ आणि तीन कामगार. सागवान आणि फणसाच्या चौकटी, दारं, खिडक्या, देव्हारे हे मुख्य काम, शिवाय जुन्या घरांची दुरुस्ती. १२ इंची थिकनेसर, ९ इंची सरफेस प्लेनर, एक लहान टेबल सॉ आणि हातातली राउटर-ड्रिल एवढी यंत्रं. पत्र्याखाली साधारण ९०० चौरस फूट जागा.

बार्देशच्या किनारपट्टीवरच्या एका हॉटेलाने २४ खोल्यांच्या फर्निचरची विचारणा केली आहे. प्रत्येक खोलीत कपाट, पलंग, दोन साइड टेबलं, सामानाचा रॅक आणि लिहायचं टेबल. कपाट आणि रॅक १८ मिमी प्लायवर लॅमिनेट लावून, पलंगाची चौकट, डोक्याकडची फळी आणि टेबलांचे पाय सागवानी. खोल्या जूनमध्ये ताब्यात मिळतील, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पुऱ्या हव्यात. आता जानेवारी चालू आहे.

भावाचं म्हणणं, कर्ज काढून पॅनल सॉ (प्लायची शीट कापायचं मोठं यंत्र) आणि एज बँडर (कापलेल्या कडेला पट्टी चिकटवणारं यंत्र) घ्यावा आणि औद्योगिक वसाहतीत गाळा बघावा. वडिलांचं म्हणणं, एका कामासाठी एवढा पसारा नको. दर कसा काढायचा यावरही घरात एकमत नाही. सगळा व्यवहार सध्या वडिलांच्या नावावर आहे. जाणकारांनी सांगावं, सुरुवात कुठून करावी?

पट्टीकर

यंत्रांचा निर्णय भावनेवर न घेता शीटांच्या हिशेबावर घ्या. तुम्ही दिलेल्या यादीला खोलीमागे ८ × ४ ची साधारण ७ शीट लागतील, म्हणजे २४ खोल्यांना १६८. एका शीटमधून सरासरी १३ मीटर कडपट्टी धरली तर २,१८४ मीटर. साधा एज बँडर मिनिटाला १० मीटर ओढतो. तुकडे उचलणं, फिरवणं, पुन्हा घालणं यात वेळ जातो म्हणून प्रत्यक्षात त्याच्या पाव हिस्साच धरा. तरीही पट्टीचं काम १५ तासांच्या आसपास संपतं. पॅनल सॉवर एका शीटला २० मिनिटं धरली तर कापणी ५६ तासांची, म्हणजे सात दिवसांची. हे अख्खं काम त्या दोन यंत्रांना दोन आठवडेही पुरणार नाही.

आता हप्त्याची बाजू बघा. समजा दोन्ही यंत्रं मिळून ११ लाखांना पडली आणि ११ टक्के व्याजाने पाच वर्षांचं कर्ज घेतलं, तर महिन्याचा हप्ता २३,९०० च्या जवळ जातो. चालवणाऱ्याचा पगार २२,००० आणि वीज, ब्लेडची धार, सर्व्हिसिंग मिळून ९,००० धरले की महिना ५५,००० होतात. बाहेर जॉबवर्कने, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर मजुरी देऊन, कापणी आणि पट्टी शीटमागे समजा ६०० रुपयांत होत असेल, तर महिन्याला ९२ शीटांचं काम बारमाही असल्याशिवाय स्वतःचं यंत्र परवडत नाही. तुमच्या भागातले खरे दर घालून हीच मांडणी करा. ९२ ऐवजी ७० येतील किंवा १२०, पण आकडा कागदावर दिसला की घरातला वाद मिटतो.

माझं स्पष्ट मत: हे पहिलं काम जॉबवर्कने करा. कटिंग लिस्ट मात्र तुमचीच हवी. त्यात प्रत्येक तुकड्याचं साफ माप, रेषांची दिशा, कोणत्या कडेला ०.८ मिमी आणि कोणत्या कडेला २ मिमी पट्टी, आणि दिलेलं माप पट्टी धरून आहे की सोडून, हे लिहिलेलं असावं. शेवटचा मुद्दा लिहायचा राहिला की प्रत्येक दार ४ मिमी रुंद किंवा अरुंद येतं. ३.२ मिमीचा करवतीचा घासही मांडणीत धरा. आठ कापांत इंच निघून जातो.

पुढे कधी पॅनल सॉ घ्यालच, तेव्हा जागा आधी मोजा. ३.२ मीटर सरकणाऱ्या टेबलाला पुढे आणि मागे मोकळी वाट लागते, त्यामुळे लांबी सात मीटर आणि रुंदी सहा मीटर तरी रिकामी हवी. तुमच्या ९०० चौरस फुटांतले जवळजवळ निम्मे एकाच यंत्राने अडतात. वीज थ्री-फेज लागते, आणि मंजूर भार पुरेसा नसेल तर वीज खात्याकडून तो वाढवून घेण्यात वेळ जातो, म्हणून तो अर्ज यंत्राच्या ऑर्डरच्या आधी टाका. लॅमिनेटची खालची कड फुटू नये म्हणून स्कोअरिंग ब्लेड मुख्य ब्लेडच्या उलट फिरतं आणि १ ते २ मिमी खोल खाच आधी पाडतं. त्या खाचेची रुंदी मुख्य ब्लेडच्या घासापेक्षा किंचित जास्त हवी. धार लावून लावून एक ब्लेड पातळ झालं आणि दुसरं नवं राहिलं की नेमकं हेच बिघडतं आणि लोक लॅमिनेटला दोष देतात.

जॉबवर्कवाल्याकडून माल घेताना पट्टी नखाने ओढून बघा. सुटत असेल तर कारणं ठरलेली असतात: कडेवर भुसा राहिलेला, पंख्याच्या झोतात गोंद पट्टी टेकण्याआधीच गार झालेला, किंवा प्लायची जाडी सगळीकडे सारखी नसलेली. १८ मिमी म्हणून आलेली शीट कॅलिपरने १७.२ ही भरते आणि १८.४ ही. मग ट्रिमर एका बाजूला लॅमिनेट खातो आणि दुसऱ्या बाजूला पट्टीचा ओठ सोडतो. म्हणून सगळ्या शीट एकाच लॉटच्या घ्या आणि दहातली एक मोजा. बाथरूमच्या भिंतीला टेकणाऱ्या कपाटांसाठी साध्या ईव्हीए गोंदाऐवजी पीयूआर गोंद मागा. तो ओलाव्याने सुटत नाही. प्लाय तिथे आयएस ७१० ची (मरीन), बाकी ठिकाणी आयएस ३०३ मधली बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारी) चालेल. एमआर ग्रेड (फक्त दमट हवेपुरती) किनाऱ्यावर नकोच.

सागवानी

पट्टीकरांनी शीटांचं सांगितलं. पण तुमचं नाव राहणार किंवा जाणार ते सागवानावर. हॉटेलाच्या कामात सुतार बुडतो तो बहुतेकदा ओल्या लाकडापायी, आणि हे ऑक्टोबरात नाही, डिसेंबरात कळतं.

लाकूड हवेतल्या ओलाव्याशी जुळवून घेतं. गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या शेडखाली ठेवलेलं लाकूड १७-१८ टक्क्यांवर जाऊन थांबतं. जानेवारी-फेब्रुवारीत तेच १२-१३ ला येतं. एसी रोज चालणाऱ्या खोलीत ९-१० पर्यंत उतरतं. सागवान आडव्या अंगाने, म्हणजे वर्तुळांच्या दिशेने, दर १ टक्का ओलाव्याला सुमारे ०.१९ टक्के आकसतं. ३०० मिमी रुंद फळी १६ टक्क्यांवर बसवली आणि एसीत ९ वर आली की ४ मिमी गेली. डोक्याकडची फळी ४५० मिमीची असेल तर ६ मिमी. तिला चारी बाजूंनी गोंद लावून चौकटीत ठोकलेली असेल तर ती मधोमध फाटते, कारण तिला आकसायला दुसरी वाटच नसते.

तेव्हा आता जानेवारीतच लाकूड घ्या. खोलीमागे तयार लाकूड समजा २.५ घनफूट. रंधून, टोकं कापून, गाठी आणि पांढरा भाग काढून ३० टक्के जातं असं धरलं तर ३.६ घनफूट रफ माप, म्हणजे २४ खोल्यांना ८६ घनफूट. सव्वा इंची फळ्या रचल्या तर ४ फूट रुंद, ८ फूट लांब आणि सहा-साडेसहा फूट उंच अशी एकच थप्पी होते, किंवा तीन-सव्वातीन फुटांच्या दोन. दोनच करा, उपसायला सोप्या. ९०० चौरस फुटांत एवढी जागा निघते.

थप्पी जमिनीपासून दीड फूट वर, सिमेंटच्या ठोकळ्यांवर. फळ्यांमध्ये एक इंची सुक्या पट्ट्या, प्रत्येक दीड-दोन फुटांवर, आणि सगळ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात. पट्टी ओळीबाहेर गेली की तिथे फळी वाकते, आणि ते वाकडेपण नंतर रंध्याने काढताना जाडी संपते. टोकांना ऑइल पेंट किंवा मेण लावा. टोकाकडून ओल दहा-बारा पट वेगाने निघते, म्हणून टोकं उभी चिरतात. वर छप्पर हवं, बाजू मोकळ्या, ऊन थेट नको. सर्वांत वरच्या थरावर वजन ठेवा.

असं रचलेलं लाकूड मे अखेरीस १३-१४ वर येईल. पण ७ जूनच्या आसपास पाऊस लागला की तेच पुन्हा ओल धरू लागेल. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात थप्पी मोडून फळ्या बंद खोलीत हलवा आणि तिथे डीह्युमिडिफायर चालवा. डोक्याकडच्या रुंद फळ्या मात्र भट्टीत सुकवून घ्या. १०-१२ टक्क्यांवर आणून द्या असं लेखी सांगा. भट्टीतून आलेलं लाकूड लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळलं नाही तर पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत भट्टीचा खर्च वाया जातो.

मॉइश्चर मीटर घ्या. तो काही हजारांत येतो आणि कुठल्याही यंत्राआधी यायला हवा. फळीच्या टोकाला मोजू नका, तिथे नेहमी कमी दाखवतो. टोकापासून फूटभर आत कापून, ताज्या कापावर, जाडीच्या मधल्या भागात पिना टोचा. मीटरवर लाकडाच्या जातीची सोय असेल तर सागवान निवडा, नाहीतर फरक पडतो.

आणि रचनेतच हालचालीला जागा ठेवा. चौकटीची खाच १२ मिमी खोल, फळी तिच्यात ८-९ मिमीच शिरलेली, गोंद फक्त मध्यावर. टेबलाचा वरचा पृष्ठभाग पायांच्या आडपट्टीला लांबट भोकातून स्क्रूने धरा. तुम्ही दारं करता, दिलेदार दाराचं, म्हणजे चौकटीच्या खाचेत सुटी फळी (दिला) बसवलेल्या दाराचं, हे तत्त्व तुमच्या वडिलांना पाठ असणार. फरक इतकाच की पडवीच्या दाराला फुगायला जागा लागते आणि एसी खोलीतल्या पलंगाला आकसायला. मेमध्ये ११ टक्क्यांवर घट्ट बसवलेला दिला ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या दारात तेवढाच, ६ मिमीपर्यंत, फुगतो आणि चौकटीच्या कुशी (सांधे) उचकटतो.

एक गोष्ट हॉटेलाशी लेखी ठरवा: फर्निचर खोलीत जाईल त्याआधी खिडक्या बसलेल्या, गिलावा आणि रंग सुकलेला, आणि शक्य तर एसी काही दिवस चालू असलेला हवा. ओल्या गिलाव्याच्या खोलीत सुकं लाकूड ठेवणं म्हणजे वरची सगळी मेहनत पाण्यात.

फणस वापरायचा विचार असेल तर बाहेरचा पांढरट भाग पूर्ण काढा, त्याला भुंगा लागतो. आंबा स्वस्त पडतो म्हणून आतल्या फळ्यांना घालत असाल तर बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सच्या (१ : १.५) द्रावणात बुडवून घ्या. ते पाण्याने धुऊन जातं, म्हणून फक्त घरातल्या, कोरड्या जागेतल्या लाकडाला.

मेस्त_फोंडा

दोघांचेही आभार. जॉबवर्कचा हिशेब वडिलांना दाखवला, पटला. आता दराचं सांगा. आतापर्यंत आम्ही लाकडाची किंमत दुप्पट करून दर देतो. आणि ३० टक्के आगाऊ रक्कम पुरेल का?

हिशेबवही

लाकूड दुप्पट ही रीत चौकटीला कशीबशी चालते, कपाटाला चालत नाही. चौकटीत लाकूड जास्त, तास कमी. देव्हाऱ्यात उलट. दुपटीच्या हिशेबात देव्हारा नेहमी तोट्यात जातो आणि चौकट महाग पडून गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

तासाचा दर काढा. समजा सहा जणांचे पगार महिना १,५०,००० (यात वडील आणि तुम्ही दोघे भाऊ यांचा पगार धरलाच पाहिजे, घरचे म्हणून शून्य नाही), आणि वीज, दुरुस्ती, ब्लेड, वाहन, फोन, जागा मिळून ६०,०००. एकूण २,१०,०००. सहा माणसं, २५ दिवस, ८ तास म्हणजे १,२०० तास. पण माप घेणं, माल आणणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, साफसफाई वगळता विकता येणारे तास ६५ टक्के, म्हणजे ७८०. भागाकार २६९ रुपये. १,२०० ने भागलं तर १७५ येतात, आणि तो ९४ रुपयांचा फरक प्रत्येक तासाला खिशातून जातो. वर्षभर काम भरपूर आणि शिल्लक काही नाही, ही तक्रार बहुतेक इथून येते.

लाकडाचं माप रफ धरा. ७ × ३ फुटी दाराची चौकट, ५ × २.५ इंची: दोन उभ्या आणि साडेतीन फुटी वरची मिळून १७.५ फूट. १७.५ × ५ × २.५ ÷ १४४ = १.५२ घनफूट साफ. पण लाकूड ५.२५ × २.७५ चं, १८ फूट घ्यावं लागतं: १.८० घनफूट. जवळजवळ १९ टक्के जास्त, आणि यात गाठ-चिरीचं नुकसान अजून आलेलं नाही. ओंडक्याचा भाव मिळाला तर गोलाईचा चौथा हिस्सा वर्ग करून लांबीने गुणतात. ते माप खऱ्या घनफळाच्या ७८.५ टक्केच असतं, आणि त्यातूनही कापून फळ्या किती उतरतील हे वेगळंच.

तर दर = रफ लाकूड + हार्डवेअर + पॉलिश + जॉबवर्क + (तास × २६९) + वाहतूक आणि बसवणं, आणि त्यावर नफा. नफा आणि पगार वेगळे. नफ्यातून पुढचं यंत्र येतं.

आता ३० टक्क्यांचं. समजा काम ३६ लाखांचं, वर १८ टक्के जीएसटी. माल ५५ टक्के म्हणजे १९.८० लाख, त्यावर तुम्ही भरलेला जीएसटी ३.५६ लाख. मजुरी महिना २.४० लाख, पहिलं बिल निघेपर्यंत दोन महिने, ४.८० लाख. बाहेर गेले २८.१६ लाख, आगाऊ आले १०.८० लाख. मधले १७.३६ लाख कुठून आणणार? हा प्रश्न आधी सोडवा. गोव्यात हे काम पावसाळ्यात येतं, नेमकं त्याच वेळी चवथीचे देव्हारे, चौरंग आणि घरांची दारं मागणारी नेहमीची गिऱ्हाइकंही येतात, त्यामुळे तिकडचा पैसा इकडे फिरवला की दोन्ही कामं अडतात.

मागणी अशी ठेवा: ४० टक्के ऑर्डरबरोबर, ३० टक्के माल तयार होऊन तुमच्याकडे तपासल्यावर, उचलण्याआधी, २५ टक्के खोल्या बसतील तसे सहा-सहाच्या टप्प्यांनी, ५ टक्के राखीव. राखीव रक्कम किती महिन्यांनी सुटणार याची तारीख करारात हवी. ३६ लाखांवरचे ५ टक्के म्हणजे १.८० लाख, तुमच्या नफ्याचा मोठा तुकडा.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच करा. ती ऑनलाइन, मोफत आहे. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, तुम्ही त्यात आरामात बसता. फायदा वसुलीत आहे: २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याने गिऱ्हाईक कंपनीला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्यातच आयकराच्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच)) मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंत न दिलेली रक्कम त्या वर्षाच्या चालू खर्चात धरता येत नाही; फर्निचरसारख्या भांडवली खरेदीला ते लागू होतं का, हे मात्र सीएला विचारा. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

जीएसटीत कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या सोप्या योजनेत) असाल तर हॉटेलाला कर वेगळा दाखवून बिल देता येत नाही, आणि सीमेपलीकडे सावंतवाडी-बेळगावला माल विकताही येत नाही. हे काम घ्यायचं तर नियमित नोंदणीत या. आणि भिंतीत पक्कं बसवायचं काम आणि सुटं फर्निचर यांवर कराची आकारणी वेगळी होऊ शकते, ते सीएकडून आधी तपासा.

पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार हा १८ व्यवसायांपैकी एक आहे: अवजारांसाठी १५,००० रुपये, मग ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाख. एका कुटुंबातून एकालाच मिळते. २४ खोल्यांना ती पुरणार नाही, पण मीटर, डीह्युमिडिफायर आणि धुळीची सोय त्यातून होते.

दस्तऐवज

सगळं वडिलांच्या नावावर आहे असं एका ओळीत लिहिलंत, पण गोव्यात ही ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. इथे पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पती-पत्नी सर्व मालमत्तेचे निम्मे-निम्मे धनी असतात, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे जागा तारण ठेवायची तर एकट्या वडिलांची सही चालत नाही, आईची लागते. आजोबांच्या नावाची जागा असेल आणि इन्व्हेंटरी (वारसांतली कोर्टामार्फत वाटणी) झालेली नसेल तर काका-आत्या आणि त्यांचे जोडीदार सगळे आले. बँकेत अर्ज देण्याआधी फॉर्म एक-चौदा (जमिनीचा उतारा) काढून त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. जमीन भाटकाराची (जमीनदाराची) आणि घर मुंडकारीचं (त्याच्या जमिनीत राहणाऱ्या कुळाचं) असेल तर तारणाचा विषयच वेगळा होतो.

मृत्युपत्रानेही वडील आपल्या वाट्याच्या निम्म्यापलीकडे वाटणी बदलू शकत नाहीत, उरलेला निम्मा मुलांचा ठरलेला. म्हणून "सुतारशाळा चालवणाऱ्या मुलालाच सगळं" असं तोंडी ठरवून भागत नाही. धंदा आणि जागा वेगळी करा: जागा कुटुंबाची, धंदा भागीदारी संस्थेचा किंवा एलएलपीचा (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा), आणि धंदा जागेचं भाडं देतो. भागीदारीच्या करारात कामाचा पगार आणि मालकीचा हिस्सा ही दोन वेगळी कलमं ठेवा. एक भाऊ उद्या परदेशी किंवा जहाजावर गेला तर त्याचा पगार थांबेल, हिस्सा चालू राहील, आणि बाहेर पडायचं तर यंत्रांची किंमत हिशेबवहीतल्या घटलेल्या किमतीने की बाजारभावाने, हे आत्ताच लिहा. ग्राहकांची यादी आणि आराखडे कोणाचे, हेसुद्धा.

आयकरात याच कायद्यामुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ५ए) पगाराखेरीज इतर उत्पन्न पती-पत्नींमध्ये समान वाटून दाखवतात. धंद्याचा नफा यात येतो. आईचं विवरणपत्र भरलं जात नसेल तर सीएला विचारा.

जागेचं: कुंडई, बेतोडा, मडकई या तिन्ही वसाहती तुमच्याच तालुक्यात आहेत. भूखंड भाडेपट्ट्याचा असतो, विकत मिळत नाही, आणि पोटभाडेकरू म्हणून शिरत असाल तर औद्योगिक विकास महामंडळाची लेखी मंजुरी आधी बघा. घराजवळच राहायचं ठरलं तर जमिनीची सनद (बिगरशेती वापराची), पंचायतीचा परवाना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हे तीन कागद. यंत्राचा आवाज हा शेजाऱ्यांच्या तक्रारीचा पहिला मुद्दा असतो.

ओंडके फाडायचा मोठा बँडसॉ घ्यायच्या फंदात वन खात्याशी बोलल्याशिवाय पडू नका, त्याला आरागिरणीचा परवाना लागतो. परसातला फणस तोडायचा तरी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी हवी. लाकडाची बिलं आणि वाहतुकीचे पास फाइलला लावून ठेवा, तपासणीत तेच मागतात. आणि दहावा माणूस कामावर ठेवाल तेव्हा ईएसआय (कामगार राज्य विमा), विसाव्याला भविष्य निर्वाह निधी.

पट्टीकर

एक राहिलं. २४ खोल्या एकदम सुरू करू नका. एक खोली पूर्ण करा, हँडलापासून पॉलिशपर्यंत, हॉटेलाच्या माणसाची त्या खोलीतच आराखड्यावर सही घ्या, मग उरलेल्या २३. आणि प्रत्येक खोलीचं माप वेगळं घ्या. जुन्या इमारतीत समोरासमोरच्या भिंती २०-२५ मिमी इकडेतिकडे असतात. कपाटाच्या बाजूला ४० मिमीची पट्टी वेगळी ठेवून ती जागेवर घासून बसवा.

थिकनेसरला धूळ ओढायची सोयही याच कामाआधी करा. ४ इंची पाइपातून भुसा वाहायला सेकंदाला २० मीटर वेग लागतो, म्हणजे ३३० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट हवेच्या) वर. १२ इंची थिकनेसरला तेवढं अपुरं पडतं, ६ इंची पाइप आणि ७५० सीएफएम धरा. लवचीक पाइप कमीत कमी ठेवा, तो ओढ खातो. कापडी पिशवीतून बारीक धूळ परत खोलीत येते, म्हणून यंत्र शेडबाहेर आडोशाला ठेवलेलं बरं. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात आहे, मास्क वडिलांनाही लावायला सांगा.

मेस्त_फोंडा

पॉलिश आम्ही आजवर हातानेच केलं. हॉटेलाला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश हवं आहे. जुलैत स्प्रे जमेल का?

पॉलिशवाला

जमेल, पण उघड्या शेडमध्ये नाही. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असली की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि मेलामाइन किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) पॉलिश पांढुरकं पडतं. पीयूचं दुखणं वेगळं: त्याचा हार्डनर ओलाव्याशी भांडतो, वायू सुटतो आणि बारीक फोड, सुईची भोकं दिसतात. थर जाड मारला तर जास्तच.

दहा बाय बाराची बंद खोली करा. एका बाजूने फिल्टरमधून हवा आत, समोरून एक्झॉस्ट बाहेर, आतली वायरिंग ठिणगी न पडणारी. खोलीत डीह्युमिडिफायर लावा, पण स्प्रे चालू असताना तो बंद ठेवा, स्प्रेच्या आधी आणि नंतर चालवा. हायग्रोमीटर टांगा आणि ७० च्या खाली आल्याशिवाय गन हातात घेऊ नका. दुपारी अकरा ते चार हा वेळ पावसाळ्यातही त्यातल्या त्यात बरा. कंप्रेसरची टाकी रोज सकाळी खालून रिकामी करा. जुलैत तिच्यात पाणी साठतं आणि तेच गनमधून लाकडावर येतं. गनच्या आधी वॉटर सेपरेटर, आणि कंप्रेसरपासून तो पाच-सहा मीटर लांब, म्हणजे हवा गार होऊन पाणी तिथे सुटेल. थिनर पावसाळ्यासाठीचा, हळू उडणारा मागा.

क्रम: १२० आणि १८० चा पॉलिशपेपर, धूळ पुसणे, सीलर (खालचा भरावाचा थर), सुकल्यावर ३२० चा हात, दुसरा सीलर, पुन्हा ३२०, मग टॉप कोट. सागवानात नैसर्गिक तेल असतं. फार तेलकट फळीवर पीयू नीट सुकत नाही किंवा नंतर पापुद्र्यासारखं सुटतं, म्हणून सीलर मारण्याच्या जरा आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. मिश्रणाचं प्रमाण डब्यावरचं, वजनाने, तराजूवर. अंदाजाने हार्डनर वाढवला की थर ठिसूळ होतो. मिसळलेला माल उरला तर दुसऱ्या दिवशी वापरायचा नाही.

बाल्कनीतल्या खुर्च्या-टेबलांना आतलं पीयू देऊ नका, बाहेरच्या दर्जाचं घ्या किंवा तेल द्या. तेल दर वर्षी पावसाआधी परत लावावं लागतं, पण ते सोलत नाही आणि हॉटेलाचा माणूस स्वतः लावू शकतो. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेटतो. दोरीवर पसरून सुकवा किंवा पाण्याच्या झाकणबंद डब्यात टाका.

बिजागऱ्या आणि स्क्रू किनाऱ्यावर साधे निकेल चढवलेले घेतले तर पहिल्याच पावसात गंजाचे डाग लॅमिनेटवर उतरतात. खोलीत ३०४ स्टेनलेस, बाल्कनीत आणि समुद्राकडे उघडणाऱ्या दाराला ३१६.